बेडीवाल्यांचं स्वागत

बोट क्लब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या विजारी आणि चांदीचे कप येत असतील, तर ते आधी बाजूला ठेवा. आमच्या बदलापूरच्या क्लबाकडे एक बोट, चार वल्ही आणि एक अध्यक्ष, एवढीच काय ती दौलत होती. बोट कल्याणच्या खाडीतून निवृत्त झालेली, अध्यक्ष पोलीस खात्यातून. दोघांचंही अंग भारी आणि दोघांनाही वळायला वेळ लागायचा.

अध्यक्षांना सगळे फौजदारकाका म्हणत. चहा पिताना आधी त्यांच्या मिशा कपात उतरायच्या, मग ओठ. आमचे हे क्लबाचे चिटणीस. आठवडाभर अंबरनाथच्या कारखान्यात कारकुनी करायची आणि रविवार उजाडला की उल्हास नदीवर पळायचं. तिथे गावाच्या खालच्या अंगाला एक लांबलचक डोह होता. दिवाळी सरली की नदी शहाण्यासारखी वागायला लागे आणि त्या डोहात ही मंडळी तास न् तास बोट हाकत बसत. बोट वल्हवताना माणूस उलटा बसतो, म्हणजे जायचं तिकडे पाठ करून. काका म्हणायचे, "पाठ दाखवून पुढे जाणारे जगात फक्त आपणच!" दर रविवारी म्हणायचे आणि दर रविवारी स्वतःच हसायचे.

आता माझं सांगते. मी दाभोळच्या खाडीकाठची. माझे वडील पलीकडच्या गावात मास्तर होते. त्यांना पोचवायला आणि आणायला घरची छोटी होडी होती आणि ती वल्हवायचे मी. माझ्या तळहाताला घट्टे होते, बघायला आलेल्या एका स्थळानं ते पाहून नकार कळवला होता, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. मग लग्न होऊन बदलापुरात आले आणि हातात वल्ह्याच्या जागी उलथनं आलं.

मला त्या बोटीत बसायचं होतं. पाटावर बसतात तसं नव्हे हो, वल्हं मारायला! एवढी एकच गोष्ट मला हवी होती आणि ती मी ह्यांच्याकडे रोज मागत होते. हे म्हणायचे, "अगं, बायका कधी सभासद असतात का? आणि आई काय म्हणेल?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या कधी रागावायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. त्यांनी तसं बघितलं की उतू जाणारं दूधही खाली बसेल. मी कशाला विचारतेय? तोंड दाबून बसले, झालं.

त्या वर्षी क्लबावर संकट आलं. चार वल्हेकऱ्यांपैकी एकाची बदली झाली आणि दुसऱ्याचं लग्न. बदली झालेला पुन्हा येण्याची थोडी तरी आशा होती. उरले आमचे हे आणि ह्यांचा कारखान्यातला एक मित्र. दोघांनी ती अवजड बोट ओढायची म्हणजे तिला वाटेल तिकडे ती जाणार. एकदा तर दोघं घाम गाळून गाळून जिथून निघाले तिथेच परत आले आणि काकांनी काठावरून टाळ्या वाजवल्या.

नवे सभासद हवे, असं ठरलं. ह्यांनी हातानं दोन जाहिराती लिहिल्या. मराठीतली बदलापूर स्टेशनाजवळ लावली आणि हिंदीतली कॅम्पात. उल्हासनगर हे नाव तेव्हा अगदी नवं होतं, आमच्या तोंडी कॅम्पच बसलं होतं. सिंधमधून आलेली माणसं तिथे लष्कराच्या बराकींत राहत आणि बराकीच्या दारातच कापड, कंगवे, पापड, काय वाट्टेल ते विकत. मराठी जाहिरात वाचून कुणीही आलं नाही. बदलापूरकरांना ती बोट ठाऊक होती ना!

कॅम्पातून मात्र दोघं आले. एक पंचविशीचा तरुण आणि त्याची धाकटी बहीण. बहीण कशाला आली असेल, असं कुणी विचारलं नाही. बघायला आली असेल, असंच सगळ्यांनी धरलं. रविवार होता. नदीकाठी जांभळाखाली सतरंजी अंथरलेली, मी आणि सासूबाई पोह्यांचं पातेलं घेऊन बसलेल्या. स्वागताचा थाट म्हणून बोटीवर ताडपत्री टाकली होती. नारळ फोडला की काका ती ओढणार, असा बेत होता.

पण आधी मुलाखत. जन्मभर जबान्या घेतलेला माणूस, सोडतो होय! काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि त्यांच्या खास खात्याच्या हिंदीत विचारलं, "तुम उधर सिंध में क्या करता था?"

तो तरुण हात जोडून म्हणाला, "हमारा बेडी का काम था, साईं. बाबा भी बेडी में, दादा भी बेडी में."

काकांचा मिशीवरचा हात मिशीवरच राहिला. बेडी! बाप बेडीत, आजा बेडीत! ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे.

"कितने साल?" काकांनी आवाज चढवला.

"साल क्या, साईं? सारी उमर!"

"जन्मठेप," काका आमच्याकडे वळून पुटपुटले. मग पुन्हा त्याला, "किस लिए?"

"माल के लिए. अनाज, कपडा. इधर का माल उधर, उधर का माल इधर."

"रात को?"

"रात को भी, दिन को भी. बाबा किसी से डरते नहीं थे."

"और पोलीस?"

तरुणाचा चेहरा खुलला. "पोलीस तो खुद आके हमारी बेडी में बैठते थे! बडे साहब लोग भी. बाबा हाथ पकड के बिठाते थे, पैसा भी नहीं लेते थे."

फौजदारकाका अर्धे उठले आणि पुन्हा बसले. सबंध नोकरीत त्यांनी असला निर्ढावलेला गुन्हेगार पाहिला नसावा. ह्यांचा मित्र हळूच मागे सरकायला लागला आणि सरकता सरकता पोह्यांच्या झाकणावर बसला. तेवढ्यात ती मुलगी ओढणी सावरत, गोड हसून म्हणाली, "और मैं तो पैदा ही बेडी में हुई."

"अगं बाई गं!" सासूबाईंना राहवेना. त्यांना हिंदी फारसं येत नव्हतं, पण एवढं कळलं. "तुरुंगात बाळंतपण! काय गं ते नशीब त्या माउलीचं!" आणि त्यांनी त्या मुलीला जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या हातात बशी दिली. मुलगी गोंधळली, पण पोहे खाऊ लागली. भूक काय, सगळ्यांचीच सारखी.

काकांनी घसा खाकरला. आता या भावंडांना कसं घालवावं, या विचारात ते असणार. पण नारळ तर आणलेला. निदान तो तरी फोडून घेऊ म्हणून त्यांनी तो दगडावर आपटला आणि सवयीनं ताडपत्रीचं टोक ओढलं.

बोट दिसली मात्र, मुलगी बशीसकट उभी राहिली. "बेडी!" ती भावाकडे वळून किंचाळली. "अदा! बेडी! बेडी!"

आणि पोरगी जी पळत सुटली, ती थेट बोटीला जाऊन बिलगली. तिनं बोटीचा काठ चाचपला, वल्ह्यावरून हात फिरवला, लाकडाला गाल लावला आणि रडायलाच लागली. हसतही होती आणि रडतही होती. तिचा भाऊ बोटीकडे बोट दाखवून आम्हाला समजावू लागला, "बेडी, साईं, बेडी. आप लोग क्या बोलते हो इसको?"

सगळ्यांनी बोटीकडे बघितलं आणि एकमेकांकडे. मग मला हसू फुटलं. अहो, मला आवरेचना! सिंधीत बेडी म्हणजे बोट! मी पोट धरून खाली बसले, हे माझ्या बाजूला, ह्यांचा मित्र तर सतरंजीवर आडवाच झाला. काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि मग मिशा थरथरायला लागल्या आणि ते असे हसले की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. "मी आणखी जामीन मागणार होतो त्याच्याकडे!" ते म्हणाले. त्या भावाला सगळं समजावून सांगितलं तर तो आमच्यापेक्षा जास्त हसला. बहिणीला सिंधीत सांगितलं तर ती वाकून सासूबाईंच्या पाया पडली, कारण तुरुंगात जन्मलेली समजूनही त्यांनी तिला जवळ घेतली होती.

काकांना आता त्या पाहुण्यांसाठी काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी वल्हं उचलून भावाच्या हातात दिलं. भावानं ते निखाऱ्यासारखं परत दिलं.

"मैं नहीं, साईं! मैं तो दुकान पे बैठता था. मेरे को तो बेडी में उलटी होती है. चलाती तो ये है. इसी को लेके आया हूँ."

सगळे मुलीकडे बघायला लागले. ती डोळे पुसत, सलवारीचे पाय वर खोचत तयारच उभी होती.

"मुलगी?" काका म्हणाले. पण जिच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात गजाआड टाकलं, तिला आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? "बरं, बसू दे," ते म्हणाले. "पण वल्ही चार आणि माणसं तीन."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बोटीकडे बघत होते. एक शब्द नाही! मला इतका राग आला म्हणता, हातातला झारा पातेल्यात आपटला.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "दोन बाप्यांबरोबर परक्याची लेक एकटी पाण्यात पाठवायची? शोभतं का? कुणी बाईमाणूस नको सोबतीला?" आणि मग माझ्याकडे न बघता, "सूनबाई, तू जा."

"पण आई..." हे म्हणाले.

"पण काय? पोहे मी वाढते."

मी पदर खोचला की नाही, चपला कुठे काढल्या, मला काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की वल्ह्याचा दांडा हातात आला आणि मी मोठ्यानं हसले. बायका हसत नाहीत तशी. ती मुलगी आधी तोंड पुढे करून बसली, मग आम्ही तिला फिरवून बसवली, मग तिचं वल्हं माझ्या वल्ह्यात अडकलं आणि दोघींनी ह्यांना नखशिखान्त भिजवलं. हे ओरडायला लागले, "अगं, हळू! अगं, एक-दोन, एक-दोन!" कसलं एक-दोन! तिला तिच्या नदीची लय ठाऊक, मला माझ्या खाडीची. पण अर्धा डोह गेलो नसू, दोन्ही लयी जुळल्या आणि ती म्हातारी बोट अशी सुटली की मागच्या दोन पुरुषांना हात पुरेनात. ती सिंधीत काहीतरी ओरडत होती, मी खाडीकाठची बोली का मराठी का काय ते ओरडत होते. मला इतका आनंद झाला होता की त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

आता क्लबाची एक रीत होती. पूर्वी तिथे तर, म्हणजे उतारूंची होडी, चालायची, तेव्हा उतारू काठावरून तरवाल्याला हाक मारत आणि तो पाण्यातून ओ देई. त्यावरून क्लबात नव्या सभासदाला मधल्या पाण्यात नेत आणि काठावरून त्याच्या नावानं हाक मारत. तीन हाकांत ओ दिली तो सभासद झाला. न दिली तर नाही. मग घरी जा.

काकांनी आधी मुलीचं नाव पुकारलं. मी तिला कोपरानं ढोसलं आणि तिनं अशी लांबलचक ओ दिली की काठावर टाळ्या पडल्या. मग काका अडले. माझी हाक मारायची होती ना! दुसऱ्याच्या सुनेला चारचौघांत नुसत्या नावानं हाक मारायची त्यांना लाज वाटली. हे तर बोटीत माझ्याच मागे बसलेले, आणि तेव्हा नवरा कुठला बायकोचं नाव घ्यायला! शेवटी सासूबाई पातेलं ठेवून पाण्याच्या कडेला आल्या आणि त्यांनी हाक मारली.

मी ओ दिली नाही.

ऐकू आली होती. पण लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, तसं माझंही बदललेलं. त्या नावाची बाई स्वयंपाकघरात असायची. वल्हं हातात धरून, ओल्या केसांनी, खदखदा हसत बसलेली जी होती तिला कुणी हाक मारतंय असं मला वाटलंच नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली. हे मागून म्हणाले, "अगं, ओ दे की!" मी मागे वळून त्यांना विचारलं, "काय?"

काठावर काकांनी एक बोट वर केलं. एकच हाक उरली होती.

सासूबाई पाण्यात दोन पावलं आत आल्या. लुगडं भिजलं. त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली, माझ्या माहेरच्या नावानं.

"ओ!" माझ्या तोंडून गेलं. मला कळायच्या आत गेलं. इतक्या जोरात, की बोट हलली. आणि मग मात्र मला रडू फुटलं, हसता हसताच, आणि वल्हं सोडून मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आम्ही काठाला लागलो तेव्हा त्या अजून पाण्यातच उभ्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून उतरवलं. "ऐकू येतं म्हणायचं तुला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आम्ही ते नाव तांदळाखाली कायमचं झाकून टाकलं." आणि वाकून त्यांनी माझ्या पदराचं पाणी पिळलं.