ताटातला गिअर

बाबा गेले तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं: या घरात आता कुणी आईवर आवाज चढवायचा नाही. परवा खंडेनवमीला तो मीच चढवला.

निमित्त बाबांच्या जुन्या सायकलचं. तिचा मागचा गिअर, म्हणजे चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा तो लोंबता सांगाडा, मी बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये वर्तमानपत्रावर खोलून ठेवला होता. दोन दातेरी चाकं, स्प्रिंग, पट्ट्या, वायसर. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, ओळीने. आंघोळ करून येतो तर कागद गायब! सगळा माल घासूनपुसून देवापुढच्या ताटात, वर हळदकुंकू आणि झेंडू.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला? डोकं आहे की नाही?"

"आज हत्यारं पुजायची आसतात ना," आई एवढंच म्हणाली.

मग तासभर झटापट. वायसर चाकाच्या आत की बाहेर? स्प्रिंग दोनदा उडून कपाटाखाली गेली. जोडलं तर चाकच फिरेना. पाना आपटला. बाबांचाही राग आला. या माणसाने मला कधी काही शिकवलं नाही. पण शिकवणार कुणाला? खंडेनवमीला ते गिअर खोलून बसले की त्यांचा पारा चढायचा, आणि मी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पळून जायचो. आईला घरात सोडून.

आई गुडघा धरत खाली बसली. ताट मांडीवर ओढलं.

"ह्ये चाक जरा हलतंय बघ. ते वरती. न हलनारं खाली. आदी वायसर घे."

मी हात पसरायच्या आत पुढचा तुकडा तिच्या सुजल्या बोटांत तयार. गिअर सायकलला बसवला, चेन चढवली, पेडल फिरवत हँडलजवळचा खटका ओढला. टक् करून चेन शेजारच्या चक्रावर गेली.

"तुला कसं माहीत हे?"

"दर साली मीच तर धुवायची, पुजायची नि त्यांच्या हातात द्यायची."

माझी मान वर होईना. "आई, मघाशी मी जे बोललो..."

"आसू दे," ताटातलं कुंकू पुसत ती म्हणाली. "तुजे बाबापन दर साली ह्येच बोलायचे. ह्याच शब्दात."