वाटीला वाटी

निघायच्या दिवशी आईनं स्टेशनवर येणार नाही म्हणून सांगितलं आणि माझ्याआधी येऊन बाकावर बसली. मांडीवर दराब्याचा डबा, आमच्या बुऱ्हाणपुरी मिठाईचा. बाबा गेले त्याला वर्षही झालं नव्हतं. नवरा आधीच जपानला जाऊन पोचला होता, जहाजं बांधणाऱ्या एका कारखान्यात. मुंबईची गाडी लागली तेव्हा आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "शेजार चांगला पाह्यजो. आन् कोणाचं भांडं खाली वापस नको करजो." परदेशी निघालेल्या मुलीला लोक पासपोर्ट सांभाळ म्हणतात. माझ्या आईला वाट्यांची काळजी.

बुऱ्हाणपुरातल्या आमच्या गल्लीत कुणाचं भांडं कुणाच्या फडताळात आहे याचा कुणालाच पत्ता नसे. भरताची वाटी गेली की त्यातून कढी येई. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण वाटी रिकामी जायची नाही. बाबा शाळेत मास्तर. त्यांना हे पसंत नव्हतं. "तुम्ही बायका दिवसभर वाट्या फिरवता," म्हणायचे आणि समोरून आलेली कढी आधी स्वतःच्या ताटात ओतून घ्यायचे.

तुम्ही तिथं राहिलेली मंडळी जपान म्हटलं की काचेच्या इमारती डोळ्यांपुढं आणता. दुरून डोंगर साजरे. मी राहते ते शिकोकू बेटावरचं समुद्रकाठचं मध्यम शहर आहे. बाजारपेठेतली निम्मी शटरं कायमची खाली ओढलेली. धक्क्यावर म्हातारे गळ टाकून बसतात, जाळ्यांवर मासे वाळत घातलेले असतात. डोंगराच्या उतारावर संत्र्यांच्या बागा आहेत आणि त्या खुडायला माणसं मिळत नाहीत. त्सुनामी आली तर पळायला देवळाच्या मागं पायऱ्या आहेत, पण त्या चढू शकतील अशी माणसं गावात थोडीच. संध्याकाळी पाच वाजता भोंग्यांवरून एक गाणं वाजतं, पोरांनी घरी जावं म्हणून. पोरं कुठं आहेत? ती टोकियोला, ओसाकाला गेली. आम्ही परदेशी आलेलेही कुठून तरी गेलेलेच. इथं मात्र मला मागं राहिलेल्यांच्या गावात येऊन राहावं लागलं.

मोरी-सान त्यातल्याच एक. आमच्या भाड्याच्या घराशेजारी एकट्या राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या. मुलगा टोकियोत. राहायला आलो तेव्हा इथल्या रीतीप्रमाणं मी शेजारीपाजारी एकेक टॉवेल देऊन आले होते. आठवड्याभरात मोरी-सान दारात उभ्या. हातात लाखेचा वाडगा, बाहेरून काळा, आतून लाल, त्यात पर्सिमन नावाच्या केशरी फळाच्या सोललेल्या फोडी. मला भाषा येत नव्हती, पण वाडगा कळला. दुसऱ्या दिवशी मी त्यात केळ्याचे वेफर्स तळून घातले आणि परत केला.

दोन दिवसांनी वाडगा पुन्हा आला, संत्री घेऊन. मी नारळाच्या वड्या घातल्या. मग मुळ्याचं लोणचं आलं, मी गाजरहलवा दिला. आम्ही मासे खात नाही हे त्यांना समजल्यावर तर गोड बीन्सच्या वड्या, तिळाचा टोफू, चांगल्या दुकानाच्या कागदात बांधलेली बिस्किटं. इतक्या सुबक घड्या की कागद फाडवत नसे. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न, "आज काय आलं तुह्या मोरीबाईकडून?" मी वाडगा कॅमेऱ्यापुढं धरायची. आई पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटायचं, जिंकलं मी. जगाच्या टोकाला येऊन मी आपली गल्ली वसवली.

मधे नवऱ्याला पुण्याची नोकरी चालून आली. पुण्याहून बुऱ्हाणपूर म्हणजे एका रात्रीची गाडी. त्याची जायची तयारी होती. नको मीच म्हणाले. इथं आता माझं माहेर झालंय, असंही म्हणाले, आणि त्याच गल्लीतलं एक रिकामं घर आम्ही विकत घेतलं. आईला कळवलं तेव्हा ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं केलं. शेजार चांगला आहे ना, मंग झालं." त्या थांबण्याकडं मी लक्ष दिलं नाही.

नव्या घरात सामान लावून होतंय तोच ओनो-सान आले. हे आमच्या गल्लीच्या मंडळाचे प्रमुख. कचऱ्याच्या पाळ्या, धरणीकंपाची कवायत, सगळं त्यांच्याकडं. हवापाण्याचं बोलले, घराचं कौतुक केलं, चहा संपवला. मग कमरेत वाकून म्हणाले, "मोरी-सानना तुमच्याबद्दल फार आदर आहे. पण त्यांचं आता वय झालं आहे."

मला काहीच कळलं नाही. त्यांना पुढचंही बोलावं लागलं, आणि इथल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. इथं कुणी काही दिलं की त्याची परतफेड करावी लागते, ओकाएशी म्हणतात तिला. मोरी-साननी पर्सिमन आणले ते माझ्या टॉवेलची परतफेड म्हणून. तिथं हिशेब मिटला होता. मी वेफर्स दिले आणि तो पुन्हा उघडला. मग दर खेपेला त्या बसनं स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात जात, डब्यावरचा मजकूर भिंगातून वाचून माशाचा अर्क नसलेलं काही शोधत. मागच्या आठवड्यात बसमधून उतरताना त्या पडल्या होत्या. मनगट मोडलं होतं. बिस्किटांचा डबा तेवढा शाबूत राहिला, आणि तो माझ्याकडं पोचताही झाला होता, त्यांच्या भावजयीच्या हातून. इतक्या वर्षांत त्या एकदाही 'पुरे' म्हणाल्या नाहीत.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, त्यांचं मनगट मोडल्याचं वाईट वाटायच्या आधी राग आला. एवढं हसून घ्यायचं, एवढं वाकून द्यायचं, आणि मनात काय, तर कधी सुटका होईल! मी भेटायला गेले, मोकळ्या हातानं. मोरी-सान नेहमीसारख्याच हसल्या, माझ्या नव्या घराला शुभेच्छा दिल्या. माझे हात रिकामे पाहून त्यांचे खांदे जरा खाली आले, सैल झाले. ते मी पाहिलं. असं पाहिल्यावर मग कुठल्या तोंडानं म्हणणार की इथं माझं माहेर आहे?

त्या रविवारी आईनं विचारलं, "आज काय आलं?" मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल, म्हणेल कशी ही माणसं.

"मोरीबाईचं काय चुकलं?" ती म्हणाली. "तिले झेपत नव्हतं. मले बी नाही झेपत."

"तुला काय झेपत नाही?"

"तू गेली, तुहे बाबा तर पहिलेच गेले. मंग एकटीसाठी काय रांधायचं? बिस्किट खाते चहासंग. समोरची बाई भाजी पाठवायची, मी वाटी खाली वापस करू लागली. किती दिवस करणार? शरम वाटते ना. मंग तिच्या पोराले सांगून दिलं, नको आणत जाऊ बेटा, माझं जेवण झालं." मग म्हणाली, "आता दुपारपासून कडीच लावून घेते. कोणी येऊच नाही."

म्हणजे मी दर रविवारी कॅमेऱ्यापुढं वाडगा नाचवत होते तेव्हा ती कडी लावून, चहात बिस्किट बुडवून ते बघत होती. आणि हसत होती. मी 'आई, तू काय केलंस आज?' असं कधी विचारलंच नाही असं नाही. विचारायची. ती म्हणायची, 'रोजचंच.' आणि मी पुढं माझं सुरू करायची.

"मी येऊ का तिकडं? कायमची?" मी विचारलं.

"घर घेतलं ना आता," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ज्यांना वाटतं की परदेशात गेलं की आपलं गाव होतं तसं मागं राहतं आणि सुट्टीत जाऊन त्यात पुन्हा शिरता येतं, त्यांना सांगते, तसं नसतं. इथं मी उद्या निघून गेले तर गल्लीत कुणाचं काही अडणार नाही. एका म्हातारीला तर हायसंच वाटेल. माझ्या जाण्यानं स्वयंपाक बंद पडला असं घर जगात एकच आहे. ते बुऱ्हाणपुरात आहे, आणि त्याला दुपारपासून आतून कडी आहे.