आउस्त्राचं चौथं गाणं

आउस्त्रा आमच्या कोरसमध्ये बत्तीस वर्षं गायली. आमच्या लॅटव्हियातल्या गावात माणूस एखाद्या लग्नाला दांडी मारील, तालमीला नाही. खालच्या पट्टीतल्या आम्ही सहा जणी; ती माझ्या शेजारी उभी राहायची. घरंही शेजारीशेजारीच, मध्ये एक भिंत.

तिचा नवरा विस्वाल्दिस लाकडाच्या गिरणीत कारकून. तो गेल्यावर त्याच्या कविता सापडल्या, छापल्या, आणि रीगातल्या एका तरुण संगीतकाराने त्यातल्या पाच कोरससाठी बांधल्या. गाव हुरळून गेलं. पहिल्यांदा त्या आमच्याच चर्चमध्ये, आम्हीच गायच्या असं ठरलं. चौथी कविता बायकोच्या हातांवर होती. काळ्या पावाच्या पिठाचा वास येणारे, देवाने घडवलेले हात वगैरे. त्यातल्या डाव्या हाताची करंगळी त्याने दारात चिरडली होती. बर्फावरून घसरली, असं आम्हीच एकमेकींना सांगत राहिलो. मेलेल्याला नावं ठेवू नयेत म्हणे. जिवंतपणी तरी कोणी ठेवली?

तेवढं चौथं गाणं गाळा, असं तिने कोरस चालवणाऱ्या गुंत्राबाईंना विनवलं. माणूस वेगळा, कविता वेगळी, म्हणाल्या त्या. मग तिने आम्हा पाच जणींना गाठलं.

"त्या गाण्यात मी तोंड उघडणार नाही. तुम्हीही गप्प राहा. खालचा सूर गेला की गाणं पडेल."

आम्ही माना डोलावल्या. सगळ्यांत आधी मी.

चौथ्या गाण्यात आमचा एकच लांब सूर होता. एक जण श्वास घेते तेव्हा बाकीच्या तो धरून ठेवतात, म्हणजे खंड कळत नाही. आउस्त्राने ओठ मिटले. गुंत्राबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गायले. माझ्यामागोमाग त्या चौघीही. गाणं पडलं नाही. लोक रडले, टाळ्या थांबेनात. संगीतकाराने फुलं आउस्त्राच्याच हातात दिली.

घराकडे चालताना ती म्हणाली, "मी गप्प होते, ते कळलं तुला?"

"कळलं गं."

"आणि करंगळी मोडली तेव्हा मी ओरडले होते. ते?"

"ते पण," मी म्हणाले.

तिने फुलं माझ्याकडे दिली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती कोरसला आली नाही. मला शरम वाटते. पण दर मंगळवारी तालमीला मी जातेच.