भगव्या दोऱ्याचं खोगीर

खोगीरकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बेसमेंटमध्ये तुळईला लटकून लसूण सोलत होत्या.

मी विनिपेगला नुकतीच आले होते. त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली होती. धुण्याचं मशीन खाली आहे असं कळलं म्हणून कपड्यांची टोपली घेऊन जिना उतरले, तर समोर हे दृश्य. साठी उलटलेली बाई, अंगात सलवार-कमीज आणि वर जाडजूड स्वेटर, कमरेला आणि मांड्यांना रुंद पट्टे, पट्ट्यांतून निघालेला दोर थेट तुळईला. पाय भिंतीला टेकवून बाई निवांत मागे रेललेली, मांडीवर ताट, ताटात लसूण. मी किंचाळले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ओरडतेस काय? पाकळी पडली माझी. आणि ड्रायर अर्धाच भर, नाहीतर कपडे दमट राहतात."

इथे हरणाच्या शिकारीला जाणारी माणसं झाडावर दबा धरून बसतात. काहींचं मचाण असतं. काही जण मात्र असे पट्टे कमरेला बांधतात, दोर खोडाला अडकवतात आणि मागे रेलून तासन्‌तास तसेच लटकत राहतात. बाजारात त्याला ट्री सॅडल म्हणतात, काकू खोगीर म्हणायच्या. इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी त्यावरून त्यांचं नाव खोगीरकाकू पाडलं, आणि ते त्यांना मनापासून आवडलं होतं. ही खोगिरं त्या स्वतः शिवायच्या. नवीन खोगीर शिवून झालं की आधी त्याला तांदळाची पोती लटकवायच्या, पोती चांगली आठवडाभर तशीच ठेवायच्या, आणि मगच स्वतः बसायच्या. बसल्या की रिकामं बसणं ठाऊक नाही. लसूण सोल, मेथी निवड, नाहीतर कोल्हापूरच्या बहिणीला फोन लाव. "टाका हाताने ओढून कळत नाही, पोरी," त्या म्हणायच्या. "त्याच्यावर जीव टाकून बघावा लागतो."

ही बाई हौसेने शिवत असेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. हौस वगैरे काही नव्हतं. काकू सूड म्हणून शिवत होत्या.

त्यांचे यजमान बापूकाका शिकारीचे भारी शौकीन. मी त्यांना पाहिलं नाही, पण भिंतीवरच्या फोटोत दिसतात ते असे: गालभर मिश्या, हातात पातेलं. हरीण मिळालं की घरी तांबडा रस्सा व्हायचा आणि निम्मं मंडळ जेवायला यायचं. त्यांचे जिवलग मित्र म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षपद सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना अध्यक्षच म्हणतात. रिटायर्ड इंजिनियर. जे करायचं ते स्वतःच्या हाताने, हा त्यांचा बाणा. डेक स्वतः बांधला, किचन स्वतः बदललं, गणपतीमागचा भगवा पडदाही त्यांनीच शिवला. मग एका वर्षी त्यांनी दोन खोगिरं शिवली, एक स्वतःला आणि एक बापूकाकांना. "दुकानातलं कशाला घ्यायचं? मी देतो ना शिवून."

पहिल्याच सीझनला बापूकाका झाडावर असताना त्यांच्या खोगिराची शिवण सुटली. हॉस्पिटलात ते शुद्धीवर आलेच नाहीत.

शोकसभेत अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मी बापूला सांगत होतो, दुकानातलं घे. ऐकलं नाही. स्वतःच शिवत बसला." सभागृह हळहळलं. घरी जाता जाता लोक कुजबुजले, एवढ्या चार पैशांसाठी जीव घालवला, कंजूषपणा नडला. ज्या माणसाने गावाला जेवू घातलं तो मेल्यावर कंजूष ठरला. काकू पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होत्या. त्यांच्या नवऱ्याला साधी सुई ओवता येत नव्हती. शर्टाचं बटण तुटलं की ते शर्ट आणि बटण दोन्ही त्यांच्या हातात ठेवून निघून जायचे.

हॉस्पिटलमधून परत मिळालेलं खोगीर काकूंनी उलगडून पाहिलं. सगळी शिवण भगव्या सुती दोऱ्याची. पडद्याचा उरलेला दोरा. दरवर्षी आरतीला त्या पडद्यासमोर उभं राहणाऱ्या बाईला तो ओळखायला वेळ लागला नाही. पडद्याला चालतो तो दोरा माणसाचं वजन पेलणार कसा? त्यातून गॅरेजमधल्या दमटपणात तो कुजला होता, चिमटीत धरला की तुटायचा. काकू ते खोगीर घेऊन अध्यक्षांच्या घरी गेल्या. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, असा दोरा कोणाकडेही असतो. तुम्ही आत्ता शॉकमध्ये आहात." मंडळातल्या चार शहाण्यांनीही समजूत घातली की झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार. त्या दिवसापासून काकूंनी त्यांना 'भावोजी' म्हणणं सोडलं.

सूड घेऊ नये असं सांगणारी माणसं मला लहानपणापासून भेटत आली आहेत. त्यांचं कोणी काही घेतलेलं नसतं. पोलिसात का नाही गेलात, असं मी एकदा काकूंना विचारलं होतं. "चुकलं त्यांचं, ते मी गिळलं असतं," त्या म्हणाल्या. "चूक कोणाचीही होते. पण ती उचलून माझ्या मेलेल्या माणसाच्या अंगावर टाकली ना, ती मला परत त्यांच्या अंगावर बघायची आहे. त्यांच्याच तोंडून. चारचौघांत."

काकूंनी उभा जन्म हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात घालवला होता. शिवणकाम म्हणजे फार तर ब्लाउजची उसवण. पण एक ताडपत्री शिवणारा धंदा बंद करत होता, त्याचं अजस्र मशीन त्यांनी बेसमेंटमध्ये उतरवून घेतलं. कुठला पट्टा, कुठला दोरा, टाका कसा आणि किती दाट, हे शिकण्यात त्यांचा अख्खा विंटर गेला. शिवायचं, पोती लटकवायची, फाटलं की का फाटलं ते बघायचं. मशीन सुरू झालं की वरच्या मजल्यावर माझ्या चहाचा कप बशीत नाचायचा. मी एकदा तक्रार केली तर म्हणाल्या, "कप हातात धर."

मग शिकारीचं लायसन्स काढून त्या थेट बापूकाकांच्या झाडावर जाऊन बसल्या. एका शेतकऱ्याच्या रानातलं ते जुनं ओकचं झाड. त्याच्यासमोर, मधली पाणथळ सोडली की, अध्यक्षांचं झाड. दोन झाडांवरून माणसं एकमेकांना स्वच्छ दिसतात. उजाडायच्या आत काकू चढायच्या आणि उजाडलं की अध्यक्षांना त्या दिसायच्या. दर शनिवारी, दर रविवारी. पहिले दोन सीझन त्यांनी एकही हरीण मारलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी हरणासाठी बसत नाही. मी दिसावी म्हणून बसते."

तिथूनच त्यांना एक गोष्ट दिसली. अध्यक्षांच्या कमरेला दुकानातलं काळं कोरं खोगीर होतं. "बापूंनी स्वतःचं स्वतः शिवलं असेल, तर यांनी आपलं का गं फेकून दिलं?" हे त्या मला इतक्या वेळा म्हणाल्या की पुढे पुढे मी भाजी चिरता चिरता नुसती मान डोलवायचे.

हळूहळू काकूंच्या खोगिरांचं नाव झालं. आधी शेजारचा फिलिपिनो आला, मग त्याचे मित्र, मग आपल्याकडची आयटीतली पोरं. प्रत्येकाला त्या बेसमेंटमध्ये लटकवून बघायच्या आणि प्रत्येकाचं खोगीर काळ्या दोऱ्याने शिवायच्या. तिसऱ्या सीझनला त्यांनी हरीणही मारलं. तांबडा रस्सा केला, मंडळ जेवायला बोलावलं, अध्यक्षांना सोडून. त्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, "बापूंची आठवण आली हो." काकू वाढता वाढता थांबल्या. "आली ना? मग त्यांना कंजूष म्हणाला होता तेही आठवा." पंगतीत कोणी वर बघेना. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक भाकरी घेतली.

पुढच्या गणपतीत अध्यक्षांचा पंचाहत्तरीचा सत्कार ठरला. भेट काय द्यायची यावर कमिटीत खल चालू होता, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मी देते. माझ्या हातचं खोगीर देते." कमिटीला आनंद झाला. एकदाचं मिटलं म्हणून कोणीतरी टाळीही मागितली. काकू घरी आल्या आणि त्यांनी एक नवीन रीळ काढलं. खोगिरांना लागतो तसला चिवट, जाड दोरा, पण रंग भगवा. कुठून कुठून शोधून मागवला होता. त्या खोगिरावर त्यांनी जेवढी मेहनत घेतली तेवढी कशावरच घेतलेली मी पाहिली नाही. पोती महिनाभर लटकली. त्यानंतर त्या स्वतः त्यात बसून गौरीच्या फराळाची तयारी करत होत्या.

सत्काराच्या दिवशी स्टेजवर भगवा पडदा होता, पुढे गणपती, आणि गणपतीशेजारी अध्यक्ष. काकूंनी शाल घातली, नारळ दिला, खोगीर हातात ठेवलं. अध्यक्षांनी हसत ते उलगडलं आणि शिवण पाहिली. मी अगदी पुढेच बसले होते. माणसाच्या तोंडचं पाणी पळतं म्हणजे काय होतं ते मी तेव्हा बघितलं. आयटीतल्या पोरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एक जण ओरडला, "काका, सॅटर्डेला ओपनिंग तुमच्याच हस्ते! वी आर ऑल कमिंग." टाळ्या वाजल्या. आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

शनिवारी आम्ही सगळे त्या ओकच्या झाडाखाली जमलो. थर्मास, टिमहॉर्टनचे डोनट, पोरांचे कॅमेरे. काकूंनी दोर मुद्दाम खाली, कमरेइतक्या उंचीवर बांधला होता. पडलाच माणूस तर गवतावर बसला असता, इतकंच. अध्यक्षांनी खोगीर चढवलं, बकल लावलं, पाय खोडाला टेकवले. आता फक्त मागे रेलायचं. पण त्यांनी दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली ती सोडवेना.

"रेला की, अध्यक्ष," काकू म्हणाल्या.

"वहिनी... टाके नीट आहेत ना?"

"बापूंनी विचारलं होतं का तुम्हाला असं?"

पोरांनी कॅमेरे खाली घेतले. अध्यक्षांचा गाल खोडाला टेकलेला होता, चेहरा दिसत नव्हता. तसाच आवाज आला, "नाही. त्याने नव्हतं विचारलं."

"मग कोणी शिवलं होतं त्यांचं खोगीर?"

"मी."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"मी शिवलं होतं! बापूचं मीच शिवलं होतं. पडद्याच्या दोऱ्याने."

काकू पुढे गेल्या. त्यांनी स्वतः बकल सोडवलं, खोगीर त्यांच्या अंगावरून काढून घेतलं आणि आपल्या कमरेला बांधलं. मग शांतपणे बापूकाकांच्या जागेपर्यंत वर चढल्या, दोर अडकवला आणि त्या भगव्या टाक्यांवर जीव टाकून मागे रेलल्या. आम्ही खाली खुळ्यासारखे उभे होतो. वरून आवाज आला, "आता जा सगळे. हरणं यायची वेळ झाली."

त्यानंतर अध्यक्ष कधी झाडावर चढले नाहीत. काकूंना मात्र त्यांचे फोन यायला लागले, मेसेज आले, पेढ्यांचा बॉक्स आला. बॉक्स काकूंनी न उघडता माझ्याच हाती परत पाठवला. पूर्वीचे चार शहाणे पुन्हा हजर झाले. आता त्यांनी कबूल केलंय ना, मग मोठ्या मनाने माफ करा, म्हणाले. "मला खरं ऐकायचं होतं, ते ऐकलं," काकू म्हणाल्या. "माफ करेन असं मी कधी म्हटलं होतं?" चार शहाण्यांनी चहा पिऊन घर गाठलं.

परवाच्या विंटरआधी काकू टोरांटोजवळ ओकव्हिलला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. गुडघ्यांनी दगा दिला होता आणि बर्फ शोव्हल करणं होत नव्हतं. घर विकलं, मशीन फिलिपिनो शेजाऱ्याला दिलं. मी आधीच दुसरीकडे खोली घेतली होती. जायच्या दिवशी एअरपोर्टला न्यायला मी आले तेव्हा ड्राइव्हवेच्या तोंडाशी अध्यक्षांची गाडी उभी होती. काच खाली करून ते म्हणाले, "वहिनींना सांग ना, पाचच मिनिटं." फार म्हातारे दिसत होते. दया यायला हवी होती, पण मला आली नाही.

मी आत गेले. घर रिकामं होतं. बेसमेंटमधून लसणाचा वास येत होता. खाली गेले तर काकू भगव्या दोऱ्याच्या खोगिरात तुळईला लटकून बसलेल्या, कोट घातलेला, मांडीवर ताट.

"काकू, बाहेर अध्यक्ष आलेत."

"माहितेय. त्यांना सांग, मी कामात आहे."

मी सांगून आले. गाडी हलली नाही. काकू सोलत राहिल्या, एकेक पाकळी, सालाचा कणही राहू न देता. एवढा लसूण ओकव्हिलला कोण खाणार होतं, देव जाणे. फ्लाइटची वेळ जवळ यायला लागली तशी मी चुळबुळ करायला लागले, पण त्यांच्या हाताचा वेग वाढला नाही की कमी झाला नाही. शेवटी वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग दूर गेल्याचा.

"गेले?"

"गेले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लसूण संपत आला होता." मग त्यांनी बकल सोडलं, खोगिराची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.