डावा गुडघा

अंथुर्ण्याहून बारामतीच्या बाजाराला वांगी घेऊन येणाऱ्या त्या गृहस्थांना आम्ही नुसतं आबा म्हणायचो. बोलतानाही ते पाय फाकवून, हात थोडे पसरून उभे राहायचे. बोळात गाठ पडली तर त्यांच्या बाजूनं निघून जाणं अवघड. आट्यापाट्यांच्या खेळात वीसएक वर्षं पाटी, म्हणजे मैदानातली आडवी रेघ, अडवल्याची ती सवय. त्या साली गावच्या संघानं त्यांना वयापायी वगळलं आणि आमच्या बारामतीच्या संघात घ्यावं का, यावर आमचा वाद झाला. मी विरोधात होतो, कारण ते आले तर माझी जागा जाणार होती.

शेवटी पारख करायला त्यांना पाटीवर उभं केलं. ते म्हणाले, "आधीच सांगतो, डावा गुडघा कामातनं गेलाय. तिकडं झटकन सरकता येत न्हाय."

आमच्यातले पाच जण एकेक करून त्यांच्या डावीकडूनच घुसलो. पाचही जणांना त्यांचा हात लागला.

नंतर ते गुडघा दाबत खाली बसले. मी चिडून विचारलं, "आबा, म्हणजे गुडघ्याचं खोटं सांगितलंत?"

"न्हाय ओ. सरकता येतच न्हाय. पण तुमी तिकडनंच येणार म्हटल्यावर मी आधीच तितं हुबा ऱ्हायलो."

कप्तानाकडची पेन्सिल मागून संघाच्या यादीतलं माझं नाव मीच खोडलं.