तबकातली लवंग

आमच्या घरात मोठे निर्णय रविवारी दुपारी होतात, जेवणं झाल्यावर. हुबळीच्या दाजीबानपेठेतलं आमचं कापडाचं दुकान त्या दिवशी बंद असतं, त्यामुळे धाकटा भाऊ घरी असतो. काय ठरवायचं ते तो एकदाच सांगतो. मग भावजय पानसुपारीचं तबक फिरवते. कुणाची हरकत असेल तर त्यानं तबक आपल्यापुढं यायच्या आत बोलायचं. तबकातलं काही उचललं की संमती दिली, पुन्हा तो विषय काढायचा नाही. वडिलांच्या वेळेपासून हे असंच आहे. मी पान खात नाही, दात आता तेवढे राहिले नाहीत. मी एक लवंग उचलते.

रोज हुबळीहून बसनं जाऊन मी धारवाडच्या एका कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. एका गटातल्या मित्रराष्ट्रांचे परराष्ट्रमंत्री मिळून एक धोरण कसं ठरवतात, हा माझा हातखंडा विषय. मंत्री येतात ते शेवटी, बहुतेक फोटोपुरते. त्याआधी त्यांचे राजदूत आठवडाभर एकेका शब्दावर घासाघीस करतात. एकाचाही नकार असला तरी निवेदन अडतं. घाई असेल तेव्हा मसुदा सगळ्या राजधान्यांना पाठवतात आणि कळवतात की अमुक वेळेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर. 'हो' कुणीच म्हणायचं नसतं. गप्प बसलं की झालं. हे ऐकून वर्ग हसायचा. मी म्हणायची, हसू नका, आमच्या घरी दर रविवारी हेच चालतं.

आणखी एक गोष्ट मी फार प्रेमानं सांगायची. परक्या देशात संकट आलं तर ही मित्रराष्ट्रं एकमेकांची माणसं आपली म्हणून बाहेर काढतात. ज्याची वकिलात तिथं नाही त्याच्या नागरिकाला दुसऱ्याच्या विमानात जागा मिळते. केवढं शहाणपण आहे हे, असं मी टेबलावर हात आपटून सांगायची. त्या विमानात कोण बसू शकत नाही, हा प्रश्न तीस वर्षांत मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही. मलाही तो पडला नाही.

भावाचा मुलगा इथल्याच गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात पंप जोडायला शिकला आणि तिथून समुद्रापलीकडच्या एका बंदरात गेला. कंपनी त्या मित्रराष्ट्रांपैकीच एका देशाची. त्याच्या हाताखाली आपल्याकडचे आणखी तिघे होते. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि तो पहिल्यांदा मलाच मागायचा, कारण ते बंदर ज्या देशात होतं त्याच्याशी मित्रराष्ट्रांचं बिनसत चाललं होतं आणि घरात विषय माझा होता. "अक्काआत्या, काय म्हणतायत तुझे मंत्री?" असं विचारायचा. तुझे मंत्री! मला त्याचा अभिमान वाटायचा, आता लाज वाटते.

मी त्याला सांगायची, "अरे, चहात साखर किती घालायची यावर त्यांचं वर्षभर एकमत होत नाही. त्यातला एक देश हमखास पाय आडवा घालतो. तू सुम्मने, उगाच काळजी करू नको." तो हसायचा. मागं स्वयंपाकघरात भावजय ऐकत असायची आणि तिचाही चेहरा सैल व्हायचा.

निवेदनं मी रोज वाचत होते. पहिल्यात चिंता होती, दुसऱ्यात तीव्र चिंता. हे नेहमीचंच. दोन्हींत एक वाक्य सारखं होतं, 'दोन्ही बाजूंनी संयम राखावा.' तिसरं निवेदन आलं तेव्हा मी ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वाक्य होतं, पण 'दोन्ही बाजूंनी' हे शब्द गेले होते. संयम आता एकानंच राखायचा होता. असे शब्द छापताना गळत नाहीत. ते काढायला आठवडा गेलेला असतो, आणि हमखास आडवा येणारा देशही या वेळी गप्प बसलेला असतो.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर भावानं विषय काढला.

"पोरगा विचारतोय, येऊ का म्हणून. दोन महिने राहिलंय काम. आता मधनंच सोडून आला तर कंपनी परत दारात उभं करणार नाही. पुरं करूनच येऊ दे की. अक्का तर म्हणतीयच, त्यांचं काय जमत नाही म्हणून."

भावजय तबक घेऊन निघाली. मला बोलायचं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं: माझं चुकलं, त्याला आजच्या आज बोलावून घ्या. पण महिनाभर मीच सांगत आले होते की काही होणार नाही. घरातल्या सगळ्यात शिकलेल्या बाईनं सगळ्यांसमोर आपलं म्हणणं गिळायचं, ते मला जड गेलं. दोन शब्दच तर गेलेत, असं मी स्वतःला सांगितलं. भावजय माझ्यापुढं थांबली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"अक्का, तुम्ही सांगा. तुम्हाला कळतंय त्यातलं."

"घे पुढं," मी म्हटलं आणि लवंग उचलली.

बुधवारी मसुदा राजधान्यांना गेल्याची बातमी आली. गुरुवारी दुपारपर्यंत मुदत होती. मी घड्याळासमोर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढं हात जोडून मागितलं की यांच्यात भांडण होऊ दे. कुणीही बोललं नाही. त्या दुपारीच निवेदन निघालं. वकिलाती बंद, बंदरं बंद, नागरिकांनी ताबडतोब देश सोडावा.

शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. मागं गाड्यांचे आवाज होते.

"अक्काआत्या, तू सांगायचीस तसंच चाललंय बघ. एकमेकांची माणसं एकमेकांच्या विमानात. आमचा साहेब एका देशाचा, विमान दुसऱ्या देशाचं, पासपोर्ट दाखवला आणि गेला आत."

"आणि तू?"

"आम्ही चौघं त्यात बसत नाही. कंपनी म्हणतीय यादी वरनं आलीय. आपल्या वकिलातीनं सांगितलंय, रस्त्यानं हद्दीपर्यंत या, तिथनं पुढं बघू. बस मिळालीय." मग म्हणाला, "आईला तू सांग. तुझं ऐकते ती."

मी सांगितलं. भावजय धान्याचा डबा उघडून तांदूळ निवडत बसली. संध्याकाळी त्याचा निरोप आला, हद्द अजून लांब आहे आणि पुढं फोन लागणार नाही. त्यानंतर आज दहावा दिवस. हद्दीवर पोचलेल्यांची यादी आली, तीत त्या चौघांपैकी एकाचंही नाव नाही.

काल पुन्हा रविवार होता. दुपारी आम्ही तशाच बसलो. भावाचा आवाज बसला होता. तो म्हणाला, "वकिलातीतनं फोन येतोय म्हणतायत. बुधवारपर्यंत वाट बघू. मग मी दिल्लीला जातो."

"नको," मी म्हटलं. "बुधवार नको. आज नीघ. वाट बघायची नाही, ऐकतोयस का? आजच नीघ." मी वर्गात बोलायची तशी मोठ्यानं बोलले. तबक अजून माझ्यापर्यंत यायचं होतं. मी वेळेत बोलले होते.

भावानं खाली मान घातली, पण बुधवार बदलला नाही. भावजय तबक घेऊन उठली. त्याच्यापुढं धरलं, त्यानं सुपारीचं खांड उचललं. मग ती माझ्यापुढून, न थांबता, तबक घेऊन आत गेली.