हेल्मेट रोझानचं होतं

आमच्या वॉरनफील्ड गावात नॉर्बर्ट क्लिंगरला सगळे 'हेल्मेटवाला' म्हणायचे. त्यानं आयुष्यात एकदाच, फार तर दोन मिनिटं, हेल्मेट घातलं होतं. तेही त्याचं नव्हतं. त्याच्या डोक्यावर ते मी ठेवलं.

नॉर्बर्ट शाळांची घड्याळं आणि घंटा दुरुस्त करायचा. ओहायोतल्या आमच्या एवढ्याशा गावातल्या पाचही शाळा त्याच्या हिशेबानं भरायच्या आणि सुटायच्या. उरलेला सगळा वेळ विज्ञानकथांचा. 'परसदारचं आकाश' नावाचं अनियतकालिक तो घरच्या सायक्लोस्टाइलवर काढायचा, त्यामुळे बोटं कायम शाईनं काळी. ते विकत मिळत नसे. वाचून पत्र लिहायचं, म्हणजे पुढचा अंक घरी यायचा. पत्रात शिव्या असल्या तरी चालायच्या, पत्र हवं. शेवटच्या पानावर चौकटी असत: हा अंक तुम्हाला का आला? तुम्ही लिहिलंत म्हणून. तुमचं नाव यात आहे म्हणून. आणि सगळ्यांत खाली, आता तुमचं काही आलं नाही तर हा शेवटचा अंक म्हणून. प्रत्येकाच्या अंकावर नॉर्बर्ट स्वतः पेन्सिलीनं खूण करायचा.

चौदाव्या वर्षी मी लिहिलेलं पत्र त्यानं छापलं. स्वतःचं नाव छापलेलं पाहून मला जी चटक लागली, तिच्यापायीच मी पुढे गावच्या दैनिकात बातमीदार झालो. विज्ञानकथांच्या या चाहतेमंडळींत लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करत, म्हणून तीस वर्षांनी मोठ्या नॉर्बर्टला मी 'अरे नॉर्बर्ट' म्हणायचो. कचेरीत मात्र मी विज्ञानकथांचं मासिक खणात तळाशी, क्रीडापानाखाली लपवून ठेवत असे.

चौऱ्याहत्तरच्या शरदात नॉर्बर्टनं गावात विज्ञानकथा चाहत्यांचं संमेलन भरवलं. त्यामागे त्याचा एक हेतू होता. गावच्या वाचनालयाच्या तळघरात त्याच्या क्लबानं चाळीस वर्षांची जुनी मासिकं जमवली होती, त्यांच्यासाठी लाकडी मांडण्या त्यानं स्वतः ठोकल्या होत्या. ती खोली क्लबाकडे ठेवायची की काढून घ्यायची, हे वाचनालयाची समिती मंगळवारी ठरवणार होती. आमच्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात चार बरे शब्द आले तर समिती ते न्याहारी करताना वाचेल, असा नॉर्बर्टचा साधा हिशेब. मला म्हणाला, "लायल, स्तुती करू नकोस. फक्त थट्टा नको."

मी हो म्हणालो.

आमचे संपादक डग्गन यांनी मला पाठवलं ते वेगळ्याच हुकुमावर. "त्या येड्यांच्या जत्रेत जाऊन ये. आणि डोक्यावर अँटेना लावलेला एक तरी बाबा फोटोत आण."

हायवेवरच्या हॉटेलात शनिवारी सकाळी एकाच्याही डोक्यावर अँटेना नव्हती. एक निवृत्त शिक्षिका मंगळावर जंतू नेऊ नयेत यावर बोलत होत्या. मागे दोन ट्रक ड्रायव्हर एका कथेतल्या ग्रहाची कक्षा चुकली आहे यावर हमरीतुमरीवर आले होते. वरच्या एका खोलीत न्हाणीघरातला टब बर्फानं भरून त्यात सोड्याच्या बाटल्या खोचलेल्या, आणि शाळेत स्वयंपाक करणारी रोझान येईल त्याला खिम्याचे पाव वाढत होती. वेशभूषेचा कार्यक्रम संध्याकाळी होता. त्यात भाग घेणारे नऊजण, आणि माझ्यासोबत आलेल्या फोटोग्राफरला तर दुपारी फुटबॉलच्या सामन्याला पळायचं होतं.

टेबलावर रोझाननं संध्याकाळसाठी केलेलं हेल्मेट पडलं होतं. स्वयंपाकघरातली मोठी चाळण पालथी घालून तिला दोन स्प्रिंगा आणि त्यांच्या टोकांना पिंगपाँगचे चेंडू लावलेले. मी ते उचललं. नॉर्बर्ट तपकिरी सूट घालून, टाय लावून दाराशी पाहुण्यांची नावं लिहून घेत होता.

"अरे, हे रोझानचं आहे," तो म्हणाला.

"एकच फोटो. फोटोशिवाय डग्गन छापणार नाहीत."

हे अर्धंच खरं होतं. फोटो हवा होता, पण तो नॉर्बर्टचाच हवा असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. समोर सापडला, आणि मला नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं, एवढंच. मीच चाळण त्याच्या डोक्यावर बसवली. त्यानं टाय सारखा केला आणि विचारलं, "नीट छापशील ना?"

मी पुन्हा हो म्हणालो.

लेख मी आधी नीटच लिहिला होता, हे सांगून मला काही मिळणार नाही, तरी सांगतो. तीन पानं होती. डग्गननी ती उभ्याउभ्या वाचली आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, तू पण त्यांच्यातलाच की काय?"

टाइपरायटर थांबले. मी म्हणालो, "छे, मी कशाला?"

मग चाळीस मिनिटांत मी दुसरा लेख लिहिला. मथळा होता 'मंगळवासी उतरले हायवेवरच्या हॉटेलात'. त्यात एक वाक्य होतं, पन्नाशी उलटली तरी क्लिंगर महाशय अजून आईच्याच घरी राहतात. त्याची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि तो तिला रोज भरवत होता, हे मला ठाऊक होतं. ते मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर हसू आलं नसतं.

मंगळवारी समितीच्या बैठकीची बातमी करायलाही मलाच पाठवलं. नॉर्बर्ट त्याच सूटमध्ये बोलायला उठला. अध्यक्षांनी विचारलं, "आज हेल्मेट घरी विसरलात वाटतं?" सगळे हसले. नॉर्बर्टही थोडा हसला, मग हातातला कागद त्यानं वाचलाच नाही, घडी करून खिशात ठेवला. चार विरुद्ध एक मतानं खोली गेली. हे सगळं मी वहीत टिपून घेतलं, कारण तेच माझं काम होतं.

मासिकं त्याच्या गॅरेजमध्ये गेली आणि दोन हिवाळ्यांत ओल लागून फुगली.

मला येणारा 'परसदारचं आकाश'चा अंक बंद होण्याची मी वाट पाहत होतो. अंक आला. त्यात माझा लेख जसाच्या तसा छापला होता, खाली संपादक म्हणून नॉर्बर्टच्या दोन दुरुस्त्या: उपस्थिती साठ नसून एकशे त्रेचाळीस होती, आणि हेल्मेट रोझाननं बनवलेलं असल्यानं श्रेय तिला द्यावं. टबातल्या बाटल्यांचं वर्णन झकास उतरलंय, असंही. बस्स. माझ्या अंकावर खूण होती, तुम्ही लिहिलंत म्हणून. माझा लेख त्यानं पत्र म्हणून धरला होता. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

आता रीतीप्रमाणे पत्र लिहायची पाळी माझी होती. मी लिहिलं नाही. काय लिहिणार? अंक येत राहिले, अकरा वर्षं. शाळेच्या आवारात पोरं त्याला "हेल्मेटवाले, मंगळावर किती वाजले?" असं विचारायची आणि तो घड्याळ काढून काहीतरी वेळ सांगायचा. रस्त्यात मी दिसलो की हात करायचा. मी घाईत असल्यासारखं दाखवायचो.

पंच्याऐंशी साली तो गेला तेव्हा डग्गन यांच्या खुर्चीवर मी बसत होतो. मृत्युवार्ता लिहिणाऱ्या मुलीनं जुन्या फायलीतून फोटो आणला. "आपल्याकडे हा एकच आहे. भारी आहे ना?"

मी रोझानला फोन केला आणि दुसरा फोटो मागितला. ती स्वतः कचेरीत आली. वाचनालयाच्या मांडण्यांसमोर तपकिरी सूटमधला नॉर्बर्ट, हात मागे बांधलेले. सोबत एक पाकीट. "त्याचे शेवटचे अंक टपालात टाकायचे राहिले होते," ती म्हणाली. "हा तुझा."

मी शेवटचं पान उघडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच खूण सगळ्यांत खालच्या चौकटीत होती. शेजारी बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'घाई नाही.'

रोझान बसून होती. मी रडलो, आणि तिनं मला समजावलं नाही, ते बरं केलं.

मृत्युवार्ता मी स्वतः लिहिली. त्याची घड्याळं, आई, मासिकं, सगळं आलं. फोटो सूटमधला. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. तो हेल्मेटवाला क्लिंगर गेला म्हणतात, मग त्याचा फोटो का नाही? हा टायवाला कोण छापलाय? जिच्या वर्गातलं घड्याळ तो वीस वर्षं लावत होता, त्या शिक्षिकेनंही हेच विचारलं.

मी प्रत्येकाला सांगितलं, हाच तो. हेल्मेट त्याचं नव्हतं, मी घातलं होतं.

लोक हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.